कॅमेऱ्याचं कपाळ

“अहो, त्याचं कपाळ हेच ना?” असं विचारून वृंदाताईंनी उत्तराची वाट न बघता नव्या कॅमेऱ्याच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं टेकवली, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं.

पेडणेकर मनातल्या मनात चडफडले. आयुष्यातला पहिला कॅमेरा हा घ्यावा की तो, यावरून त्यांनी वर्षभर घरादाराचं डोकं खाल्लं होतं. दुकानातून येताना रिक्षात त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरला होता. पण दसऱ्याच्या दिवशी बायकोशी वाद कोण घालणार? त्यांनी रुमालाने काच पुसली. कुंकू निघालं नाही, नुसतं पसरलं. त्याच रागात त्यांनी पहिला फोटो वृंदाताईंचाच काढला.

संध्याकाळी सोनं द्यायला हौशी छायाचित्रकार मंडळाचे तळपदे आले. ‘हा कॅमेरा घेऊ नका’ असं बजावणारे हेच, आणि त्यांनी आजवर कुणाच्याही फोटोला चांगलं म्हटलेलं नव्हतं. ते वृंदाताईंच्या फोटोकडे बघतच राहिले. चेहऱ्यावर कशी गुलाबी, मऊ सांज उतरली होती.

“हा प्रकाश कुठे मिळाला तुम्हाला?”

“कॅमेरा निवडता आला पाहिजे,” पेडणेकर गंभीरपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काच लख्ख केली आणि दिवसभर फोटो काढले. ते सगळे अगदी पेडणेकरांनी काढल्यासारखे आले.

दिवेलागणीला त्यांनी कॅमेरा गुपचूप देवापुढे नेऊन ठेवला.

“अगं,” ते खाली बघत म्हणाले, “आजही जरा ओवाळतेस का याला?”