हिमानीची सही

या मंडळी, जवळ सरका, अमेरिकेतल्या आपल्या पार्सिपनी गावची एक छोटी गोष्ट ऐका. लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून मिळालेलं संरक्षण काढून घ्या, असा अर्ज मनोहरकाकांनी तयार केला. कीर्तन आटोपल्यावर सह्या गोळा करायचं काम त्यांनी हिमानीवर सोपवलं. ही नर्स पोर आठवड्यातून तीनदा त्यांच्या पत्नीला, रत्नाकाकूंना, आपल्या गाडीतून डायलिसिसला नेते.

"चाळीस झाल्या, काका."

"आणि तुझी गं? पेन संपलं की काय?"

"माझी कशी करू? त्याच संरक्षणावर माझी नोकरी आहे, लायसन्स आहे. चला, काकूंना उशीर होतोय."

गाडीत काकांनी मान खाली घालून कागद उघडला. पहिली सही त्यांची होती, दुसरी काकूंची.



आरतीला हात जोडाल, तेव्हा हिमानीची आठवण असू द्या.