पलंगाच्या पायाला बांधलेला दोर

तीस वर्षं परांचीवर उभं राहून त्याने उंच इमारती रंगवल्या, पण एकदाही पडला नाही. पडायला लागला तो काम सोडून घरी बसल्यावर, दुपारी जरा डोळा लागला की. पायाखालची फळी निसटायची आणि अंग ताडकन उडायचं.

डॉक्टर म्हणाले, "असे झटके पुष्कळांना बसतात. चहा कमी करा." त्याने चहा सोडला, फळी निसटायची थांबली नाही. शेवटी त्याने कामावरचा जुना पट्टा कमरेला आवळला आणि त्याचा दोर पलंगाच्या पायाला बांधला. झटका बसायचाच, पण आता भीती वाटेनाशी झाली.

"अहो, पडलात का?" पलंग करकरला की बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"नाही गं, दोर आहे."

मग सलग आठ दिवस झटका आला नाही. आज पट्टा नकोसा वाटला, म्हणून त्याने तो काढून जमिनीवर टाकला आणि आडवा झाला.

डोळा लागतो न लागतो तोच पलंग हिसका बसून वीतभर सरकला. तो स्वतः मात्र तसूभरही हलला नव्हता.

त्याने मान वळवली. पट्टा जमिनीवर नव्हता. दोर पलंगाच्या पायापासून थेट उघड्या खिडकीबाहेर गेला होता. चार मजले खोल त्या पोकळीत काहीतरी जड लोंबकळत असावं, तसा तो ताणला होता.

"अहो, पडलात का?"

त्याने तोंड उघडलं. पण उत्तर त्याच्याआधीच आलं, त्याच्याच आवाजात, खिडकीखालून.

"नाही गं, दोर आहे."