पाळण्यावरचा पहारेकरी

बाहेरच्या खोलीतल्या पाळण्याला माइक बांधून मृण्मयीनं पायथनमध्ये पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला होता. बाळ रडलं की मोबाइलवर निरोप. "आई, तुम्ही निवांत पडा, मला लगेच कळेल," असं सासूबाईंना बजावून तिनं आपल्या खोलीला आतून कडी लावली आणि हेडफोन चढवून मीटिंगला बसली.

मीटिंग संपली तरी निरोप नाही. उठून बाहेर पाळण्यात डोकावण्याऐवजी तिनं प्रोग्रॅम उघडला. तो केव्हाचा गोठलेला! नेटवर्कच्या लायब्ररीनं आपले थ्रेड, म्हणजे हाताखालचे कामकरी, सुरू केल्यावर तिनं प्रोसेस फोर्क केली होती, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमची नक्कल काढली होती. त्या नकलेत एका थ्रेडनं लावलेलं कुलूप तेवढं आलं, ते उघडणारा थ्रेड मागेच राहिला. आता बसा जन्मभर वाट पाहत.

"आधी फोर्क, मग नेटवर्क," असं पुटपुटत तिनं चूक निस्तरली आणि समाधानानं हेडफोन काढले.

दार धडाधड वाजत होतं. बाहेर सासूबाई, कडेवर भुकेनं रडून लालबुंद झालेली लेक.

"अर्धा तास दार बडवतेय गं! तुझा पहारेकरी बोलला नाही?"

"तो अडकला होता, आई."

"का? त्यानंही आतून कडी लावली होती?"