पहिला पेला घरधन्याच्या हातचा

नात चाचाक शहरात नांदायला गेली, त्याच वर्षी आलुबुखार उतरवताना रादिसावच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आल्यावर सुनेने, येलिकाने, त्याला गोधड्यांखाली निजवलं आणि वारा लागेल म्हणून खिडक्या लावून घेतल्या. जेवणही जागेवर. थोड्याच दिवसांत छाती कफाने भरली आणि म्हातारा पुन्हा इस्पितळात गेला.

"हाड छान जुळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण असेच पडून राहिले, तर पुढच्या खेपेला माझ्या हातात काही नसेल. चालवा त्यांना."

घरी परतल्यावर रादिसाव पाय खाली टेकवेना. पडण्याची धास्ती बसली होती.

"पडशील? अरे, पडलायसच की! आता आणखी कुठे पडणार?" थोरली बहीण विदोसावा पलंगाशी बसून तोंडसुख घ्यायची. तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

एके सकाळी शेजारचा तिहोमिर आला. "काय रे, घसा कोरडाच ठेवणार का?"

पाहुण्याला राकियाचा, घरी गाळलेल्या फळांच्या दारूचा, पहिला पेला घरधन्यानेच द्यायचा. सुनेने दिला असता तर रादिसावची मान खाली गेली असती. तो कण्हत उठला, काठी धरून कपाटापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी टपालवाला आला. मग पाद्रीबाबा. हिवाळाभर रोज कोणी ना कोणी.

"गावात दुसरं घर उरलं नाही का? फुकटे मेले!" रादिसाव करवादायचा आणि उठायचा. बाटलीही जागेवर नसायची. कपाटातून ती स्वयंपाकघरात गेली, तिथून अंगणापलीकडच्या कोठारात.

"सूनबाई, बाटलीला पाय फुटले की काय?"

"मला नका विचारू, बाबा," येलिका म्हणायची आणि भांडी घासत राहायची.

वसंतात एक दिवस कोणीच आलं नाही. रादिसावने पेले मांडले, वाट पाहिली, चिडला. गावाच्या कागाळ्या ऐकून घेणारी एकच होती. काठी घेऊन तो चढावरच्या विदोसावाच्या घराकडे निघाला.

त्याचे सगळे पाहुणे तिच्या अंगणात उभे होते. टोप्या हातात. तिहोमिर त्याला चढ चढून येताना बघत राहिला.

"तुझ्याकडेच निघालो होतो, रादिसाव," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच, तिने न पाठवता."

विदोसावा त्या सकाळी वारली होती, संत जॉर्जच्या सणाच्या आदल्या दिवशी.