तळाचं हळकुंड

जमीलचाचांनी पोत्यात खोल हात घालून हळकुंड काढलं, कानाशी धरून मोडून पाहिलं आणि म्हणाले, "ओलं हाय."

कुरुंद्याच्या या आडतीवर हळद तपासायचं काम त्यांचंच. डोळ्यांनी काही दिसत नाही, पण कान पक्का. वाळलेलं हळकुंड टणकन मोडतं, ओलं नुसतं वाकतं. आता थोरल्या शेठांच्या गादीवर लेक बसला होता आणि त्यानं ओलावा मोजायचं मशीन आणलं होतं. आज एक जरी पोतं चुकलं तर उद्यापासून येऊ नका, असं त्यानं सकाळीच सांगून टाकलं. आंधळ्याच्या भरवशावर धंदा करतो म्हणून लोक हसतात म्हणे. बोलायला काय जातं!

दुपारपर्यंत चाचांनी सांगितलेली सगळी पोती बराबर निघाली. हे ओलं सांगितलेलं पोतं तांड्यावरच्या पारुबाईचं. शेठनं वरची मूठभर हळद मशीनमध्ये घातली. आकडा आला नऊ. दहाच्या आत म्हणजे माल वाळलेला.

"चुकलात, चाचा."

चाचांनी परत खांद्यापर्यंत हात घालून पोत्याच्या तळातलं हळकुंड काढलं, वाकवून दाखवलं, आणि हे मोजा म्हणून पुढं केलं. शेठनं ते हातातसुद्धा घेतलं नाही. त्याला चूकच हवी होती, ती मिळाली होती. त्यानं चाचांना घरी जायला सांगितलं.

चाचांचं तोंड एवढंसं झालं. ते उठून भिंतीशी काठी चाचपू लागले. हमाल खाली मान घालून पोती शिवत राहिले. शेठपुढं बोलायची कुणाची टाप होती?

पारुबाईला तर गप्प बसणंच सोयीचं होतं. मशीनच्या आकड्यावर तिच्या मालाला चढा भाव लागला होता, फक्त वजन व्हायचं राहिलं होतं. तिनं पदर सावरला, दोन पावलं दाराकडं गेली आणि परत आली.

"शेठ, म्हातारा खरं बोलून राहिला. वर वाळलेली हाय, खाली ओली. म्याच भरली तशी."

शेठ खवळला. तांड्याचा माल असाच असतो म्हणाला, आणि फसवायला तुला माझीच आडत सापडली का, असं विचारलं.

पारुबाई चाचांकडं वळली. 

"हितं तपासणारा आंधळा हाय, असं कळलं व्हतं," ती म्हणाली. "त्याला काय कळतंय, असं वाटलं मला."