बिनहरकत जागा

"ठरली एकदाची जागा," म्हणत सुनेने जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप सासूबाईंकडे वळवला. सौर प्रकल्पांसाठी जागा शोधणं हे तिचं काम. माळ दाखवला की गुराखी भांडायला येत, शेतं दाखवली की शेतकरी, टेकडी दाखवली की पक्षी मोजणारे. वर्षभर सगळ्यांची बोलणी खाऊन शेवटी तिने पॅनेल धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवायचं सुचवलं होतं.

"आणि आई, एकही हरकत आली नाही. या खेपेला कोणाचंच काही जात नाहीये."

सासूबाईंनी हातातली मटारची शेंग खाली ठेवली आणि चष्मा नीट केला. "टेकडीच्या पायथ्याशी, ओढा वळतो तिथे ना?"

"ओढा कुठला? सगळं पाणीच आहे तिथे."

"हो, आता पाणीच." पडद्यावरच्या निळ्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. "बरं झालं. फार ऊन यायचं अंगणात. तुझे सासरे पत्रे टाकू, पत्रे टाकू म्हणत राहिले, तेवढ्यात धरण भरलं."