फाटकावरचा फोटो

ओहायोतल्या त्या सरकारी शाळेचं रेटिंग दहापैकी तीनवरून आठवर गेलं आणि फाटकावर भलामोठा फलक झळकला. फलकावर फोटो जॅनेलचा, कारण सकाळच्या जादा तासाला या पोरीने दोन वर्षांत एकदाही खाडा केला नव्हता.

आठ आकडा पाहून पैसेवाली कुटुंबं आली, आसपास नवे बंगले उठले, शाळेत जागा पुरेना, तेव्हा शाळा बोर्डाने शाळेची हद्द, म्हणजे जिथला पत्ता असेल तरच प्रवेश मिळतो तो भाग, नव्याने आखली. आज जॅनेलची आई ओडेसा हिच्या हातात पत्र पडलं : तुमची भाड्याची इमारत हद्दीबाहेर गेली आहे, मुलीला पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या शाळेत घालावं. त्या शाळेचं रेटिंग दोन, हे मात्र पत्रात नव्हतं.

“मम्मी, मग माझा फोटोपण काढून टाकतील?” जॅनेलने विचारलं.

 

“तो कशाला काढतील? फोटोला कोण पत्ता विचारतंय!”